मुदतीचा अंतिम दिवस वडिलांपुरता संपला असे समजण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव साहेब,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत, दुसरा मजला
(जिन्याने. लिफ्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी आहे आणि तीही बंद आहे.)

विषय : शुल्क भरण्याचा अंतिम दिवस अद्याप चालू असल्याचे जाहीर करणे, तसेच तोच दिवस अर्जदाराच्या वडिलांपुरता संपल्याचे जाहीर करणे.

संदर्भ : १) नवीन शुल्काचे परिपत्रक. २) शुल्क नियमावली, नियम चौदा. ३) रांग संपल्याबाबतचा आपला आदेश. ४) एक भिंतीवरचे घड्याळ.

महोदय,

१. शुल्काच्या खिडकीपुढची रांग मोडली आहे. खिडकी बंद झाली आहे. एकशे चौऱ्याहत्तर विद्यार्थ्यांना नवीन शुल्क लागू झाले आहे, अर्जदाराचे नाव पटावरून कमी झाले आहे, आणि अर्जदाराचे वडील, जे त्याच खिडकीचे लिपिक होते, सेवानिवृत्त झाले आहेत.

२. वरील परिच्छेदातले काहीही घडलेले नाही असे धरून पुढचा मजकूर वाचावा. असे धरून चालणे जड जाईल याची अर्जदाराला कल्पना आहे. परंतु नवीन परिपत्रकात शुल्कवाढीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत "सुविधांचे सुसूत्रीकरण" म्हटले आहे, आणि विद्यार्थी तेही धरून चालले होतेच.

३. अर्जदार गणित विषयाच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी आहे. त्याचे वडील एकोणतीस वर्षे तळमजल्यावरील शुल्काच्या खिडकीमागे बसत. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या प्रत्येक माणसाने त्यांच्या तोंडचा एक शब्द तरी ऐकलेला आहे. तो शब्द "पुढचा". घरी जेवायला वाढताना आई उशीर करू लागली तरी ते तोच शब्द वापरत, आणि अर्जदार व आई आपापली ताटे घेऊन एका ओळीत बसत. या घरात वाढलेल्या मुलाला रांगेचे वावडे असणे शक्य नव्हते, हे आपण लक्षात घ्यावे.

४. महिना संपायला तीन दिवस उरले असताना परिपत्रक आले. नवीन शुल्क जुन्याच्या अडीचपट. त्यात वाढलेल्या सुविधांची यादी होती. अर्जदाराने यादीतील प्रत्येक सुविधा प्रत्यक्ष जाऊन पाहिली. एक पाणी थंड करण्याचे यंत्र आहे, ज्यातून पाणी येत नाही पण ज्यावर उद्घाटनाची पाटी आहे. एक डिजिटल वाचनालय आहे, म्हणजे जुन्या वाचनालयाच्या दारावर तसे लिहिले आहे. "विद्यार्थी समुपदेशन कक्ष" ही सुविधा सापडली नाही. चौकशी केली असता व्हरांड्यातला शिपाई म्हणाला, "तो कक्ष तुमच्या मनात आहे असं साहेब म्हणतात." ही माहिती तक्रार म्हणून नव्हे, केवळ नोंदीसाठी.

५. जुने शुल्क भरण्याचा अंतिम दिवस हा महिन्याचा शेवटचा दिवस होता. अर्जदाराच्या वडिलांच्या सेवानिवृत्तीचाही तोच दिवस होता. घरातले जमा पैसे त्या वर्षी आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेले होते, आणि अर्जदाराचे शुल्क वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून भरायचे असे ठरले होते. ती रक्कम निवृत्तीनंतर पंधरा दिवसांत मिळते. म्हणजे पैसे हातात यायला तो दिवस संपायला हवा होता, आणि जुने शुल्क भरायला तो दिवस संपायला नको होता. अर्जदाराने हे वडिलांना समजावून सांगितले. ते चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही गणितवाले. काढा उत्तर."

६. अर्जदाराने उत्तर काढले. ते आपल्याच नियमावलीत होते. नियम चौदा असा : "अंतिम दिवशी कार्यालयीन वेळ संपताना जे विद्यार्थी रांगेत असतील त्यांचे शुल्क त्याच दिवसाच्या दराने स्वीकारले जाईल, आणि रांगेतील शेवटच्या विद्यार्थ्याचे काम पूर्ण होईपर्यंत तो दिवस संपला असे समजण्यात येणार नाही." हा नियम ज्या कोणी लिहिला तो दयाळू माणूस असावा, आणि त्याने कधी वर्तुळ पाहिलेले नसावे.

७. अंतिम दिवशी पाच वाजता खिडकीपुढे दोनशे बारा विद्यार्थी होते. रांग खिडकीपासून व्हरांड्यातून, पायऱ्या उतरून, मधल्या चौकाला वळसा घालून पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. शेवटचा विद्यार्थी खिडकीपासून दहा पावलांवर उभा होता, फक्त उलट्या बाजूने. अर्जदाराने त्याला दंडाला धरून दहा पावले पुढे आणले आणि खिडकीवर ज्याचे काम नुकतेच झाले होते त्याला त्याच्या मागे उभे केले. एवढेच. त्या क्षणापासून रांगेत शेवटचा कोणी राहिला नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे गणिताचे सर, ज्यांना गेले सहा महिने मानधन मिळालेले नाही, हे पाहायला मुद्दाम खाली आले. त्यांनी एक पूर्ण फेरी मारली आणि म्हणाले, "तीन वर्षांत तुला पहिल्यांदा काहीतरी समजलंय."

८. यानंतर महोदय, तो दिवस एकोणीस दिवस चालला.

९. रांग कशी चालत असे हे आपल्या आदेशात चुकीचे आले आहे, म्हणून येथे नमूद करणे भाग आहे. विद्यार्थी खिडकीवर येई. वडील नाव विचारत, वडिलांचे नाव विचारत, वर्ष विचारत, नोंदवहीत लिहीत, आणि मग विचारत, "शुल्क?" विद्यार्थी म्हणे, "जमवतोय." वडील म्हणत, "पुढचा." विद्यार्थी बाजूला सरकून वर्तुळात पुढे जाई. यात कोणताही गैरप्रकार नव्हता. पैसे जमवणारा विद्यार्थी खरोखर जमवत होता. कोणी दुचाकी विकली. कोणी मामाकडे दोनदा जाऊन एकदा रडला. झेरॉक्सच्या दुकानात सकाळपाळी करणारी आमच्या वर्गातील विद्यार्थिनी, जिला सगळे झेरॉक्सवाली म्हणतात, तिने दुसरी पाळीही धरली आणि अकराव्या दिवशी जुन्या दराने पूर्ण शुल्क भरले. अशा अडतीस जणांनी शुल्क भरले. शुल्क भरूनही त्यांतला एकही घरी गेला नाही, कारण माणसे कमी होत गेली असती तर वर्तुळ लहान होत होत शेवटी एक माणूस उरला असता, आणि एकट्या माणसाला वर्तुळ म्हणता येत नाही. झेरॉक्सवालीला पावती मिळाल्यावर अर्जदार म्हणाला, "सुटलीस." ती म्हणाली, "गप रे. मागे बघ." आणि परत रांगेत लागली.

१०. जेवायला, पाळीला किंवा परीक्षेला जायचे असल्यास जागेवर आपली वस्तू ठेवून जाण्याची पद्धत होती. ही पद्धत आम्ही काढलेली नाही. आपल्या कार्यालयातील कर्मचारी बसच्या रांगेत हीच वापरतात. दप्तर, पाण्याची बाटली, छत्री, एक हेल्मेट, एक कॅरमचा बोर्ड. वस्तू जागेवर असली की माणूस जागेवर आहे असे धरले जाई. मागचा माणूस ती वस्तू पायाने पुढे सरकवी आणि तिच्या वतीने "जमवतोय" म्हणे. संध्याकाळी आठ वाजता वडील खिडकीवर "जेवणाची सुट्टी" अशी पाटी लावून घरी जात आणि सकाळी नऊला येऊन ती काढत. शटर ते ओढत नसत, कारण शटर ओढले की दिवस संपतो. जेवणाच्या सुट्टीने दिवस संपत नाही. तेरा तासांच्या जेवणाच्या सुट्टीबद्दल लेखा विभागाने खुलासा मागवला होता. वडिलांनी "सावकाश जेवलो" असा लेखी खुलासा दिला आहे.

११. या काळात विद्यापीठाचा फायदाच झाला हे नाकारता येणार नाही. वर्ग सुरू झाल्यावर गणिताचे सर रांगेतच शिकवू लागले. रांग सरकत असल्याने त्यांना सोबत चालावे लागे, आणि एक प्रमेय चौकात सुरू होऊन पायऱ्यांवर सिद्ध होई. हजेरी शंभर टक्के होती. असे या विद्यापीठात पूर्वी कधी झाले असल्यास अर्जदाराला कळवावे.

१२. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष, ज्याला सगळे भावी मंत्री म्हणतात, सातव्या दिवशी पाठिंबा द्यायला आला. त्याला भाषणासाठी रांगेच्या अग्रभागी उभे राहायचे होते. वर्तुळाला अग्रभाग नसतो हे त्याला तीन वेळा समजावण्यात आले. शेवटी तो चौकाच्या मध्यभागी उभा राहून बोलला, आणि बोलताना आम्ही त्याच्याभोवती हळूहळू फिरत असल्याने त्याला घेरी आली. त्याच्याबद्दल अर्जदाराचा काही आक्षेप नाही.

१३. वडिलांबद्दल मात्र काही गोष्टी सांगाव्या लागतील, कारण आदेशात त्यांचा उल्लेख "सहानुभूतीने वागणारा कर्मचारी" असा आला आहे. असा आरोप त्यांच्यावर यापूर्वी कोणीही केलेला नाही. अर्जदाराची पाळी दीड दिवसाने एकदा येई. तो खिडकीवर आला की वडील मान वर न करता विचारत, "नाव?"

पहिल्या वेळी अर्जदार म्हणाला, "बाबा, मी आहे."

"नाव सांगा. मागे लोक खोळंबलेत."

अर्जदाराने नाव सांगितले. वडिलांनी ते लिहिले.

"वडिलांचं नाव?"

अर्जदाराने तेही सांगितले. वडिलांनी तेही नीट, वळणदार अक्षरात लिहिले, स्पेलिंग एकदा विचारून घेतले, आणि म्हणाले, "शुल्क?" अर्जदार म्हणाला, "तुम्ही निवृत्त झालात की." तेव्हा ते पहिल्यांदा वर बघून म्हणाले, "तुम्ही हटलात की." आणि मग, "पुढचा."

महोदय, सहानुभूती ती हीच असेल तर अर्जदाराचा नाइलाज आहे.

१४. आई रोज दुपारी दोन सारखे डबे घेऊन येई. एक खिडकीच्या आत सरकवी, एक बाहेरच्या कठड्यावर ठेवी. नवव्या दिवशी तिने खिडकीत वाकून विचारले, "अहो, तुमचा आजचा दिवस संपणार तरी कधी?" वडील म्हणाले, "शेवटच्या माणसाला विचार." आईने विचारले, "शेवटचा कोण?" वडील म्हणाले, "तुझा मुलगा म्हणतो, कोणीच नाही." आई दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "एकाला घरी यायचं नाही, दुसऱ्याला पुढे जायचं नाही. माझंच नाव लिहा त्या वहीत. माझ्या गुडघ्याने झालंय ना हे सगळं." त्यावर वडिलांनी बराच वेळ काही लिहिले नाही आणि रांगही सरकली नाही. मागून कोणी ओरडले नाही. रांगेतल्या बहुतेकांच्या घरात असाच एखादा गुडघा आहे.

१५. वडिलांच्या निरोप समारंभाची तयारी अंतिम दिवसासाठीच केलेली होती. तो दिवस संपेना म्हणून समारंभही होईना. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेले भिंतीवरचे घड्याळ रंगीत कागदात बांधून वडिलांच्या खोलीतील फळीवर ठेवले होते. शुल्काच्या खिडकीवर जे सरकारी घड्याळ होते त्यातील सेल आपल्याच तोंडी सूचनेवरून दुसऱ्या दिवशी काढण्यात आले, कारण "दिवस संपलेला नसताना रोज पाच वाजणे दिशाभूल करणारे आहे." या दोन घड्याळांची नोंद घ्यावी. पुढे जे झाले (म्हणजे झाले नाही, परिच्छेद दोन पाहावा) ते यातल्या एकाचे मौन आणि दुसऱ्याची बडबड यांमुळे झाले.

१६. एकोणिसाव्या दिवशी अर्जदाराची पाळी पाच वाजायला दहा मिनिटे असताना आली. तेवढ्यात वरून निरोप आला की वडिलांनी लेखा विभागात येऊन निवृत्तीच्या कागदावर सही करावी. असा निरोप त्यापूर्वी पाच वेळा आला होता, आणि पाचही वेळा वर गेल्यावर त्यांना सांगण्यात आले होते की दिवस संपलेला नसल्याने सही घेता येत नाही. त्या पाचही वेळा बाजूच्या खोलीतील लिपिक खिडकीवर बसला होता. त्या दिवशी तो रजेवर होता. खिडकी रिकामी ठेवता येत नाही, असा नियम आहे. वडिलांनी रांगेकडे पाहिले, वहीकडे पाहिले आणि मग अर्जदाराकडे पाहिले. म्हणाले, "मागच्या दाराने आत ये. नुसता बस. पावतीपुस्तकाला हात लावायचा नाही, शिक्क्याला लावायचा नाही." एकोणतीस वर्षांत त्यांनी मोडलेला हा एकुलता एक नियम आहे. तो त्यांनी अर्जदारावर विश्वास ठेवून मोडला.

१७. येथे अर्जदाराच्या हातून पहिली चूक झाली. आत जाताना त्याने जागेवर दप्तर ठेवले नाही. एकोणीस दिवस तो पाणी प्यायला गेला तरी दप्तर ठेवून गेला होता. परंतु त्या मागच्या दाराने तो शेवटचा आत गेला होता तेव्हा चौथीत होता, शाळेतून थेट येत असे, आणि तेव्हाही दप्तर पाठीलाच असे. सवय म्हणून ते पाठीलाच राहिले.

१८. दुसरी चूक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अर्जदाराची शाळा चारला सुटे. आई कामाला असल्याने तो खिडकीमागच्या खोलीत, जुन्या पावतीपुस्तकांच्या ट्रंकेवर बसून गृहपाठ करी. पाच वाजले की वडील पेनाला टोपण लावत आणि म्हणत, "ओढ." मग अर्जदार खुर्चीवर चढून शटरची साखळी दोन्ही हातांनी ओढी, कडी घाली, आणि लागली की नाही ते दोनदा ओढून पाही. हे दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि विद्यापीठाने ते आपल्यावर सोपवले आहे, अशी त्याची समजूत होती. ओढून झाले की वडील म्हणत, "झाला दिवस." आणि दोघे घरी जात. असे चार वर्षे चालले.

१९. अर्जदार आत जाऊन खुर्चीवर बसला. खोली तेवढीच होती, फक्त खुर्चीवर चढावे लागले नाही. ट्रंक तिथेच होती. समोर खिडकीच्या चौकोनातून रांग दिसत होती. बाहेरून ती कधी अशी दिसली नव्हती. बाहेरून फक्त पुढच्याची मान दिसते; आतून सगळ्यांचे चेहरे दिसतात, आणि सगळे आपल्याकडेच बघत असतात. एकोणतीस वर्षे हे बघून माणूस मान वर का करत नसेल हे अर्जदाराला तेव्हा कळले. तो हे समजून घेण्यात गुंतला असताना मागच्या फळीवर, रंगीत कागदाच्या आत, निरोपाच्या घड्याळाने पाचचे ठोके दिले.

२०. अर्जदाराने शटर ओढले.

२१. नुसते ओढले नाही. कडी घातली. ती दोनदा ओढून पाहिली. आणि तो मोठ्याने, बाहेर स्पष्ट ऐकू जाईल असे म्हणाला, "झाला दिवस."

२२. यानंतर काही वेळ अंधार होता. बाहेर दोनशे अकरा माणसे होती. मग शटरवर एक टकटक झाली, आणि झेरॉक्सवालीचा आवाज आला, "उघड की रे." अर्जदाराने कडी ओढून पाहिली. ती एकदा बसली की किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्ली वडिलांच्या खिशात वर होती. अर्जदार म्हणाला, "उघडत नाहीये." बाहेरून ती म्हणाली, "थट्टा करायची ही वेळ आहे का?" अर्जदार आयुष्यात पहिल्यांदा थट्टा करत नव्हता आणि ते कोणालाही पटले नाही. मग तिने विचारले, "काय केलंस तू?" याचे उत्तर त्याला आजही देता आलेले नाही. या अर्जाचे मुख्य कारण तेच आहे.

२३. शटर पडल्याचा आवाज या इमारतीत सर्व मजल्यांवर ओळखीचा आहे. तो ऐकू आल्याबरोबर लेखा विभागात सगळे डबे आवरू लागले, असे कळते. अधीक्षकांनी वडिलांपुढे कागद सरकवला आणि म्हणाले, "करा सही. झाला तुमचा दिवस." वडिलांनी सही केली. जिना उतरून ते खाली आले तेव्हा ते कर्मचारी नव्हते. हातात किल्ली होती, समोर शटर होते, मागे सगळी रांग होती. मुले म्हणाली, "काका, उघडा ना." ते म्हणाले, "मला आता ते उघडायचा अधिकार नाही." मुलांनी हातापाया पडून विनवले. ते तसेच उभे राहिले. ज्यांना ते निष्ठुर वाटले त्यांना अर्जदार दोष देत नाही. पण किल्ली धरलेला त्यांचा हात त्याने मागच्या दाराने बाहेर आल्यावर जवळून पाहिला आहे.

२४. घरी जाताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी अर्जदाराला एकदाच विचारले, "कडी नीट लागली होती ना? दोनदा ओढून पाहिलीस?" अर्जदार "हो" म्हणाला. ते म्हणाले, "मग ठीक."

२५. दुसऱ्या दिवशी आपला आदेश आला. त्यातील युक्तिवाद असा : अर्जदार जागेवर वस्तू न ठेवता आत गेला, त्यामुळे वर्तुळ तुटले. तुटलेल्या वर्तुळाला दोन टोके असतात. त्यामुळे रांगेत शेवटचा विद्यार्थी निर्माण झाला. ही शेवटची विद्यार्थिनी, जी अर्जदाराच्या पुढे उभी होती, झेरॉक्सवाली होय. तिचे शुल्क आधीच भरलेले होते. म्हणजे शेवटच्या विद्यार्थ्याचे काम पूर्ण झालेले होते. सबब दिवस संपला. गणिताच्या सरांनी हा आदेश दोनदा वाचला आणि पैकीच्या पैकी गुण दिले. ते म्हणाले, "इतकी बुद्धी शुल्क कमी करायला लावली असती तर." हे त्यांचे वैयक्तिक मत असून त्यांच्या थकीत मानधनावर त्याचा परिणाम होऊ नये.

२६. या आदेशाविरुद्ध अर्जदाराचा बचाव एकच आहे. त्याच्या जागी वस्तू होती. कठड्यावर डबा होता. तो डबा अर्जदाराचा होता की वडिलांचा, अशी हरकत आपल्या कार्यालयाने घेतली आहे. आईला याबद्दल विचारले असता ती म्हणाली, "दोन्ही माझेच आहेत. सांग जाऊन त्यांना, मी उभी होते रांगेत."

२७. सध्याची स्थिती अशी की एकशे चौऱ्याहत्तरांपैकी बावन्न जणांनी कसेबसे नवीन शुल्क बँकेत भरले. बाकीच्यांपैकी काही कामाला लागले, काही गावी गेले. भावी मंत्र्याने रांग यशस्वीरीत्या संपल्याचे पत्रक काढले आहे. वडिलांची रक्कम आली. ती जुन्या शुल्काला पुरून उरली असती. नवीन शुल्काला जेमतेम अर्धी पुरते. वडील ती पुढे करून म्हणाले, "अर्धं तरी भर." अर्जदार ती घेत नाही, कारण अर्धे शुल्क घेण्याची खिडकी नाही, आणि कारण तो शटर ओढून बसलेला माणूस आहे. झेरॉक्सवाली रोज त्याच्यासाठी वर्गातल्या वह्यांच्या प्रती काढून आणते आणि पैसे घेत नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. निरोपाचे घड्याळ घरी भिंतीवर लावले आहे. पाचचे ठोके पडले की घरातले तिघेही एकमेकांकडे बघत नाहीत.

२८. तरी अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे. शटर ओढणारा हात विद्यापीठाच्या सेवेत नव्हता, सबब ते ओढणे म्हणजे खिडकी बंद होणे नव्हे, आणि तो दिवस आजही चालू आहे असे जाहीर करावे. एका माणसाच्या सवयीची शिक्षा एकशे चौऱ्याहत्तरांना देऊ नये; द्यायचीच झाल्यास ती त्या एकाच माणसाला द्यावी, त्याची हरकत नाही, तो हजर आहे. मात्र हे जाहीर करताना वडिलांना परत कामावर बोलावू नये. ते दमले आहेत. त्यांच्यापुरता तो दिवस संपला, आणि चांगल्या रीतीने संपला, असे वेगळे जाहीर करावे. एकच दिवस एका माणसासाठी संपणे आणि बाकीच्यांसाठी न संपणे नियमात बसत नाही, हे अर्जदार जाणतो. परंतु विद्यापीठाच्या नियमात एकोणीस दिवसांचा एक दिवस आणि तेरा तासांचे जेवण बसले आहे. थोडे सरकून बसल्यास हेही बसेल.

२९. हा अर्ज आवक विभागात दिला असता अर्जासोबत अर्जशुल्काची पावती मागण्यात आली. अर्जशुल्क त्याच खिडकीवर भरायचे असते. ती बंद आहे. म्हणून हा अर्ज आपल्या दालनाच्या दाराखालून सरकवण्यात येत आहे. दाराबाहेर अर्जदार उभा आहे. त्याच्या मागे अजून कोणी नाही. पुढेही नाही.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत, दप्तर खाली ठेवून,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार
गणित, अंतिम वर्ष
पट क्रमांक : रद्द झाला तो

दिनांक : मुदतीचा अंतिम दिवस (चालू)

सोबत :
१) झेरॉक्सवालीच्या पावतीची प्रत. (प्रत तिनेच काढली. दोन काढल्या, एक अर्जदाराने स्वतःकडे ठेवावी म्हणून.)
२) रांगेच्या नोंदवहीतील पान, ज्यावर अर्जदाराच्या वडिलांचे नाव अर्जदाराच्या वडिलांनी लिहिले आहे.
३) डब्याचे झाकण. डबा आई देत नाही.
४) शुल्काच्या खिडकीची किल्ली. ती त्या दिवशी वडिलांच्या खिशात राहून गेली. परत करण्यासाठी ते रोज सकाळी नऊला जाऊन बंद खिडकीपुढे उभे राहतात. ती घेण्यास आत कोणी नसते. तरी सदर किल्ली मिळाल्याची पोच त्यांच्या नावे, ते सेवेत असतानाच्या दिनांकाची, वेळ पाच वाजायच्या आतली टाकून, त्याच खिडकीतून त्यांच्या हाती देण्यात यावी, ही विनंती.